खाडा कोणाचा?

पावसाची झड लागली की ठाणे, कल्याण, पनवेल या पट्ट्यातल्या घराघरांत पहाटे साडेपाचला एकच प्रश्न उठतो: आज जायचं की नाही? कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत त्याचं उत्तर शोधायचं असतं. व्हॉट्सअॅपवर कोणीतरी ‘कुर्ल्याला पाणी’ म्हणून फोटो टाकलेला असतो, तो आजचा की गेल्या वर्षीचा हे कळायला मार्ग नसतो. रेल्वे म्हणते गाड्या पंधरा-वीस मिनिटं उशिराने धावत आहेत, आणि त्यातलं किती खरं मानायचं हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून ठरवायचं. दूधवाला आला म्हणजे नाका अजून मोकळा असणार. खालच्या मजल्यावरचे काका सहाची लोकल पकडतात, ते स्टेशनवरून परत फिरले का, हे त्यांच्या दाराशी जाऊन विचारायचं. एवढ्या पुराव्यावर एका दिवसाचा पगार, क्वचित जीवही, पणाला लागतो.

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न घरात येताच कामा नये. तो आदल्या रात्री, बाहेर, सर्वांसाठी एकदाच सुटला पाहिजे, आणि तो सुटला म्हणून कोणाचा पगार कापला जाता कामा नये. पावसाबद्दल आपण वर्षानुवर्षं पाण्याची भाषा बोलतो: किती मिलिमीटर पडला, कुठे तुंबलं, नालेसफाईचे पैसे कुठे मुरले. ते विचारायलाच हवं. पण पावसाळी आठवडा हा जितका पाण्याचा प्रश्न आहे तितकाच मजुरीचा आहे, आणि ही दुसरी बाजू आपण सहसा ‘मुंबईकरांचं स्पिरिट’ या दोन शब्दांत गुंडाळून टाकतो. छातीभर पाण्यातून कामावर जाणाऱ्या माणसाला शूर म्हणण्याआधी, तो न जाता तर महिनाअखेर त्याचं काय झालं असतं हे विचारावं. बहुतेकांच्या शौर्यामागे खाड्याची भीती असते.

२०२५ चा ऑगस्ट आठवून पाहा. दहीहंडी पावसातच झाली आणि त्यानंतरच्या सोमवारी, १८ तारखेला, पावसाने जोर धरला. दुपारच्या सत्राच्या शाळांना सुट्टी जाहीर झाली तेव्हा सकाळच्या सत्राची मुलं वर्गात बसलेली होती. माटुंग्याला पाण्यात अडकलेल्या शाळेच्या बसमधून मुलांना पोलिसांनी बाहेर काढलं. मंगळवारी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत विक्रोळीत सुमारे २५५ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. हवामान खात्याच्या मोजपट्टीवर २०४.४ मिलिमीटरच्या पुढे ‘अतिमुसळधार’च्याही वरची शेवटची पायरी लागते, त्यापुढे नाव नाही. मिठी नदीने धोक्याची पातळी ओलांडली, कुर्ल्याच्या काठावरची वस्ती हलवावी लागली, मुख्य आणि हार्बर मार्गांवरच्या लोकल काही तास बंद राहिल्या, संध्याकाळी चेंबूरकडची मोनोरेल मधेच अडकून शेकडो प्रवाशांना शिडीवरून उतरवावं लागलं. आठवड्यावर गणपती आले होते.

त्या मंगळवारी कोणाला काय सांगितलं गेलं ते मात्र नीट पाहण्यासारखं आहे. शाळा-कॉलेजांना आदेश होता: बंद. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांनाही सुट्टी जाहीर झाली. खासगी कार्यालयांना आवाहन होतं, की शक्य असेल तर कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्या. आणि ज्यांना कार्यालयच नाही, म्हणजे दादरच्या फूलबाजारातली मालणबाई, नाक्यावर उभा राहणारा गवंडी, चार घरची धुणीभांडी करणारी मावशी, पार्सल पोहोचवणारा मुलगा, त्यांना कोणी काहीच सांगितलं नाही. आदेश, आवाहन आणि मौन. ज्याचा पगार सर्वांत सुरक्षित त्याला सर्वांत स्पष्ट सुट्टी, आणि ज्याची चूल रोजच्या कमाईवर पेटते त्याला पूर्ण ‘स्वातंत्र्य’. यात कोणाचा दुष्टपणा आहे असं मला म्हणायचं नाही. सुट्टी देण्याचा अधिकार जिथवर पोहोचतो तिथवर ती दिली जाते, एवढंच. पण हा अधिकार पुढे न्यायचा प्रयत्न वीस वर्षांत कोणी का केला नाही, हे विचारायला हरकत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, महाराष्ट्रात हजारावर माणसं गेली. त्यानंतर समिती बसली, पंप आले, पर्जन्यवाहिन्या रुंद करायला घेतल्या, दुसरं रडार आलं. पाण्याचं बरंच काही झालं. कामाला न पोहोचलेल्या माणसाच्या त्या दिवसाचं काय, हा विषय कोणाच्या टेबलावर आला नाही.

आता घरात या. शाळेला सुट्टी आणि आई-बापाच्या ऑफिसला नाही, ही पावसाळी आठवड्यातली सर्वांत नेहमीची स्थिती. शाळेचा मेसेज येतो आणि त्या क्षणी घरातल्या एका माणसाचं काम आपोआप ठरतं. ते माणूस कोण, हे सांगायची गरज नाही. पाळणाघरवाल्या काकूंच्या गल्लीत पाणी असतं, आजी डोंबिवलीला अडकलेली असते, पोळ्यांच्या मावशींचा फोन लागत नाही. मग लॅपटॉपवर मीटिंग चालू ठेवून एका हाताने मुलाला चित्रकलेची वही काढून द्यायची, आवाज म्यूट करून ‘दूध उतू गेलं का बघ’ म्हणून ओरडायचं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८. हा वर्षभराचा हिशेब आहे. झडीच्या आठवड्यात त्यात काय भर पडत असेल हे कोणी वेगळं मोजत नाही, पण घरात राहणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं.

कपड्यांचंच घ्या. तीन दिवस ऊन नाही. गॅलरीतली दोरी आत येते, ती दिवाणखान्यात पंख्याखाली बांधली जाते, खुर्च्यांच्या पाठींवर शाळेचा गणवेश पसरला जातो. मोजे इस्त्रीने वाळवायचे, गॅसजवळ धरायचे नाहीत हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. अर्धवट सुकलेल्या कपड्यांना तो आंबूस वास येतो आणि परत धुवावे लागतात. भिंतीला ओल धरलेली असते, तिच्यापासून कपाट चार बोटं पुढे ओढायचं. रव्यात अळ्या नाहीत ना हे पाहायचं. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, पोहे चामट होतात. यातलं एकेक काम पाच-दहा मिनिटांचं आहे, म्हणून त्याला काम म्हणायची पद्धत नाही. पण घरून काम करा असं जेव्हा एखादी कंपनी उदारपणे सांगते, तेव्हा ते याच घरून करायचं असतं. मुलगा, ओल, दोरी आणि जाणारी-येणारी वीज यांच्यामध्ये बसून. कंपनीचा एक दिवस वाचतो, आणि त्याची किंमत घरातल्या बाईच्या अंगावर पडते. घरून काम ही सोय वाईट आहे असं माझं मत नाही. ती पावसाच्या सुट्टीला पर्याय म्हणून खपवली जाते, याला माझा आक्षेप आहे.

आणि या घरात न आलेली मावशी? ती बहुधा नाल्याकाठी किंवा टेकडीच्या उतारावर राहते, कारण परवडतं तिथेच. आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी येतं तेव्हा तिच्या घरात ते पलंगापर्यंत चढलेलं असतं. रात्रभर बादलीने पाणी उपसून, धान्याचे डबे माळ्यावर चढवून, सकाळी ती दुसऱ्याच्या घरची लादी पुसायला निघते. न निघाली तर खाडा. महिन्याला दोन सुट्ट्या कबूल केलेल्या असतील तर त्या आधीच मुलीच्या तापात संपलेल्या असतात. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी, काही मदत, एवढं त्यातून आलं. पण तिच्या कामाचे दिवस आणि खाडे अजून प्रत्येक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच ठरतात, आणि ते कॅलेंडर तिच्या हातात नसतं.

बाजाराला मात्र पावसाची किंमत फार पूर्वीच कळली आहे. जेवण मागवायच्या ॲपवर पाऊस सुरू झाला की बिलात जादा आकार चढतो. रिक्षावाला मीटर टाकायला नकार देतो, छत्री स्टेशनबाहेर दुप्पट भावाला जाते. म्हणजे पावसातल्या कामाला जास्त मोल आहे हे सर्वमान्य आहे. प्रश्न फक्त, ते मोल कोणाच्या खिशात जातं, आणि पावसाने थांबलेल्या कामाचं मोल कोणाच्या खिशातून जातं, एवढाच आहे.

कायद्याला हे अगदीच परकं आहे असंही नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती होऊन ‘ले-ऑफ’ची तरतूद आली: मालक काम देऊ शकला नाही तर कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम. नैसर्गिक आपत्तीचं कारणही पुढे त्यात आलं. पण ती तरतूद पन्नास किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांसाठी होती, आणि काम मालकाकडे नव्हतं असं त्यात गृहीत होतं. कारखाना चालू आहे पण कामगार ठाकुर्लीला रुळावर अडकला आहे, ही परिस्थिती त्यात बसत नाही. दुकानं आणि कार्यालयांसाठीचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आला तेव्हा दहा आणि त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होता, आणि तो वर्षाला आठ नैमित्तिक रजा देतो. पावसाचा एक वाईट आठवडा त्यातल्या चार खातो. मग डिसेंबरात सासरे आजारी पडले की रजा बिनपगारी. दहाच्या खाली कामगार असलेल्या दुकानातल्या मुलाला तेवढीही नाही.

पण मला खरा आधार वाटतो तो शहराबाहेरच्या महाराष्ट्राचा. काम थांबलेल्या दिवसांची जबाबदारी समाजाने उचलायची असते, हे या राज्याने किती वेगवेगळ्या वेळी मान्य केलं आहे ते पाहा. जव्हार-मोखाड्यापासून मेळघाटापर्यंत आदिवासी कुटुंबांचे पावसाळ्यातले महिने हे घरातलं धान्य संपण्याचे महिने. त्यासाठी आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना १९७८ मध्ये आली, आणि २०२० मध्ये कर्जाऐवजी कुटुंबाला ४,००० रुपयांचं अनुदान ठरलं, अर्धं रोख आणि अर्धं वस्तूंच्या रूपात. रक्कम तुटपुंजी, अंमलबजावणीच्या तक्रारी भरपूर. पण पावसाळ्यात हाताला काम नसतं हा माणसाचा दोष नाही, एवढं तरी सरकारी कागदावर आलं. किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांची वीण आणि खवळलेला दर्या ही त्याची कारणं. त्यात एक शहाणपण आहे जे शहराला उपयोगी पडेल. बंदी सगळ्यांना एकदम लागते, त्यामुळे कोणत्याही एका तांडेलाला ‘शेजारची बोट गेली, आपण मागे राहिलो’ अशा हट्टाने दर्यात शिरावं लागत नाही. शहरात नेमकं हेच घडतं. पलीकडच्या टेबलावरचा पोहोचला म्हणून अलीकडच्याला पोहोचावं लागतं, आणि पलीकडचा अलीकडच्याच्या भीतीने निघालेला असतो.

जुन्या काळी सगळं थांबायचं आणि माणसं बेगमी करून सुखाने पावसाळा काढायची, असं मात्र मी म्हणणार नाही. आगोटीची खरेदी करून सुकट, कडधान्य, लाकूडफाटा भरून ठेवणाऱ्या घरांच्या आठवणी आपल्याकडे भरपूर लिहिल्या गेल्या, कारण लिहिणारे त्या घरांतले होते. ज्यांच्याकडे भरून ठेवायला काही नव्हतं त्यांचा आषाढ कसा जायचा, हे खावटीच्या योजनेवरून ओळखता येतं.

सर्वांत मोठा दाखला रोजगार हमीचा. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्यभर राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम, नाही दिलं तर भत्ता. पुढे देशाने हेच उचललं. त्यासाठी पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसला आणि त्याचं उत्पन्न हमीच्या निधीत गेलं. आजही बहुतेकांच्या पगारचिठ्ठीवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, वर्षाचे २,५००. बहुतेकांना ते कशासाठी हे ठाऊक नसतं. म्हणजे पाऊस न पडल्याने ज्याचं काम गेलं त्याच्यासाठी मुंबईच्या नोकरदाराने पन्नास वर्षं वर्गणी दिली, आणि कोणी तक्रार केली नाही. पाऊस जास्त पडल्याने ज्याचं काम गेलं, त्याच्यासाठी हेच तत्त्व का लागू होऊ नये? कोरड्या दुष्काळाला हक्क आणि ओल्या आठवड्याला ‘स्पिरिट’, ही वाटणी मला पटत नाही.

योजना फार गुंतागुंतीची नको. हवामान खात्याचा लाल इशारा आणि भरतीची वेळ पाहून, आदल्या रात्री आठपर्यंत, महानगर प्रदेशासाठी एकच निर्णय व्हावा. तो लागला की आवाहन नाही, आदेश: त्या दिवशी न आलेल्याचा पगार कापता येणार नाही, रजाही वळती करता येणार नाही. दवाखाने, रेल्वे, पाणी, वीज, दूध चालू राहणारच. तिथे येणाऱ्यांना त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि परतायची किंवा राहायची सोय. ज्यांना एक मालक नाही त्यांच्यासाठी पैसे निधीतून. एकाच मालकाशी न बांधलेल्या माणसाला रजा आणि भविष्यनिर्वाह निधी कसा द्यायचा, हे कोडंही या राज्याने १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडवलेलं आहे: मंडळाकडे नोंदणी, प्रत्येक मालकाकडून मजुरीवर लेव्ही, आणि मंडळातून लाभ. ‘सेवा’ संघटनेने गुजरातमधल्या असंघटित बायकांसाठी २०२३ पासून उष्णतेचा विमा आणला. त्यात ठरावीक तापमान ओलांडलं की पैसे मिळतात, नुकसान सिद्ध करत बसावं लागत नाही. पावसाचं माप तर त्याहून सोपं. महानगर प्रदेशात पर्जन्यमापकांची कमतरता नाही.

पहिला आक्षेप ठरलेला: अंदाज चुकतात. सुट्टी जाहीर करावी आणि लख्ख ऊन पडावं, याचे विनोद मुंबईत पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. २६ जुलैलाच सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कुलाब्याला फक्त ७३ होता. मग सगळ्यांना सुट्टी कशासाठी? कारण कुलाब्यात काम करणारा कुलाब्यात राहत नाही. तो टिटवाळ्याहून, विरारहून, कळव्याहून येतो, आणि त्याची गाडी सायन-कुर्ल्याच्या खोलगट रुळांवरून जाते. तिथे पाणी चढलं की ट्रॅक सर्किट बिघडतात, सिग्नल लाल होतात आणि मागच्या सगळ्या गाड्या एकामागोमाग एक उभ्या राहतात. पाऊस ठिकठिकाणी वेगळा पडतो, पण कामाचा रस्ता सगळ्यांचा तोच आहे. आणि अंदाज चुकून एखादा कोरडा दिवस सुट्टीत गेला तर काय होईल? मुलं खाली क्रिकेट खेळतील. उलट दिशेने चुकल्यावर काय होतं, हे २९ ऑगस्ट २०१७ ला दिसलं. एल्फिन्स्टनजवळ पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून डॉ. दीपक अमरापूरकर गेले. इस्पितळातून ते घरी परतत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पैसा सुट्ट्यांवर खर्च करण्यापेक्षा पाणी तुंबणारच नाही अशी व्यवस्था करा. करा ना. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांबद्दलचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ चा. ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणाऱ्या जुन्या वाहिन्यांची क्षमता ५० पर्यंत न्यायची हे त्याचं उद्दिष्ट. तीस वर्षं उलटली तरी सगळी उदंचन केंद्रं उभी राहिलेली नाहीत. ती राहिली तरी ताशी पन्नासच्या वर पडणारा पाऊस आणि साडेचार मीटरची भरती एकत्र आली तर पाणी बाहेर जाणार कुठे? चांगली गटारं वाईट दिवसांची संख्या कमी करतील, शून्यावर आणणार नाहीत. उरलेल्या दिवसांचा खर्च तोवर कोणीतरी भरतंच आहे. तो आत्ता कोण भरतं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तर हा आक्षेप इतक्या निवांतपणे घेता येतो. शिवाय पगाराचा खर्च थेट सरकारच्या आणि मालकांच्या खिशातून जाऊ लागला तर उदंचन केंद्रं कदाचित लवकर उभी राहतील, हा माझा छोटासा डाव आहे.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी लिहीत नाही, पण सोसायटीच्या जिन्यात हमखास ऐकू येतो: यांना सवय लागेल. आज पावसाचा, उद्या उन्हाचा खाडा माफ मागतील. उन्हाचा मागायलाच हवा, चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे गेल्यावर डांबर ओतणाऱ्याने का मागू नये? सवयीबद्दल म्हणाल तर हिशेब करून पाहा. महिन्याला ३,००० रुपये देणाऱ्या घरात एका दिवसाचा खाडा १०० रुपयांचा होतो. लाल इशाऱ्याचे दिवस अख्ख्या पावसाळ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या १०० रुपयांसाठी मावशी गुडघाभर गढूळ पाण्यातून येते. पायाला जखम असेल तर लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्टरकडे जाऊन गोळ्या घ्याव्यात, असं पालिका दरवर्षी सांगते. बहुतेक खासगी दवाखान्यांत नुसती तपासणीची फी त्या १०० रुपयांहून जास्त असते. हा नियम लागू करायला विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत लिफ्टच्या दुरुस्तीनंतर आणि पार्किंगच्या भांडणाआधी तो विषयपत्रिकेवर घेता येतो: लाल इशाऱ्याच्या दिवशी या इमारतीत कोणाचाही खाडा लावला जाणार नाही, वॉचमनचा धरून.